रूपांतरित मोटार : थंडीतील सुरुवात आणि इंधनाचा वास

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीस नैसर्गिक वायूचे किट बसवून घेणारे वाहनधारक आज शहरांप्रमाणे खेडोपाडीही आढळतात. रोज दूरच्या शाळेत ये-जा करणारे शिक्षक, भाजीपाला बाजारात पोहोचविणारे शेतकरी, भाड्याची मोटार चालविणारे व्यावसायिक अशा अनेकांना या रूपांतरामुळे खर्चात बचत करता येते. परंतु अशा मोटारींविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी पहिल्या किल्लीस लागत नाही. लागलीच तर इंजिन थरथरते, झटके खाते, मध्येच बंद पडते आणि त्याच सुमारास इंधनाचा वास येऊ लागतो. दोन-तीन किलोमीटर अंतर कापले की मोटार सुरळीत चालू लागते; साहजिकच वाहनधारक ही गोष्ट विसरून जातो.

हे विसरणे योग्य नव्हे. इंधनाचा वास येतो याचा अर्थ इंधन जेथे असावयास नको तेथे पोहोचले आहे. ते कोठून येते याचा शोध पद्धतशीरपणे घेतला तर दोष बहुधा लहान खर्चात दूर होतो. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलत गेल्यास मात्र पैसा जातो आणि धोका कायम राहतो.

रूपांतराने काय बदलते ?

भारतात सी.एन.जी.चा वाहनांसाठी प्रायोगिक वापर १९९० नंतरच्या काळात दिल्ली, मुंबई व वडोदरा या शहरांत सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील सार्वजनिक वाहनांविषयी दिलेल्या आदेशानंतर या इंधनाचा प्रसार झपाट्याने झाला.

सी.एन.जी. म्हणजे दाबाखाली भरलेला नैसर्गिक वायू होय. सिलिंडरमध्ये त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो. हा दाब उतरविण्याचे काम रिड्यूसर करतो. दाब उतरताना वायू अतिशय थंड होतो. म्हणून इंजिनातील गरम पाणी रिड्यूसरमधून फिरविलेले असते. पाणी पुरेसे तापेपर्यंत वायू वापरणे इष्ट नसते. या कारणास्तव आधुनिक किट बसविलेली मोटार नेहमी पेट्रोलवर सुरू होते आणि रिड्यूसर सामान्यतः तीस ते चाळीस अंश सेल्सिअस तापल्यावर आपोआप वायूवर जाते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मोटार दिवसभर वायूवर चालत असली तरी तिची सकाळची पहिली काही मिनिटे पेट्रोलची असतात. वाहनधारक मात्र पेट्रोलची बाजू जवळजवळ विसरलेला असतो. टाकीत महिनोन् महिने तेच थोडेसे पेट्रोल पडून राहते, पंप कोरडा चालतो आणि इंजेक्टरमध्ये चिकटा साचतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंप पेट्रोल खेचतो तो नेमका तळातून.

थंड इंजिनाची गरज

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. नैसर्गिक वायूस सुमारे १७ भाग लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्याचा काही अंश थेंबांच्या रूपाने भिंतींना चिकटून राहतो, म्हणून सुरुवातीस इंधनाचे प्रमाण वाढवावे लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीत हे काम चोक करीत असे. इंजेक्शनच्या मोटारीत पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे संगणकीय नियंत्रक ते करतो. ग्वाल्हेर किंवा इंदूरच्या पौष महिन्यातील पहाटे ही गरज सर्वांत अधिक असते. म्हणूनच उन्हाळ्यात लपून राहिलेला दोष थंडीत उघडकीस येतो.

प्रथम वासाचा विचार

दोष शोधण्यापूर्वी सुरक्षिततेचा विचार अगत्याचा आहे. मोटारीजवळ जाताच तीव्र वास आल्यास किल्ली फिरवू नये. दारे हातांनी उघडून ठेवावीत, आत कोणी असल्यास बाहेर काढावे, दिवा-पंख्याची बटणे दाबू नयेत, आणि सिलिंडरवरील हाताने फिरविण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा. शक्य असल्यास मोटार ढकलून मोकळ्या जागेत न्यावी. काडी, कंदील, उदबत्ती वा चूल यांच्याजवळ मोटार ठेवणे सर्वस्वी टाळावे.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि बंदिस्त शेडच्या छताखाली साठतो. पेट्रोलची वाफ आणि एल.पी.जी. हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात व गटारात पसरतात. मोटार ठेवण्याच्या जागेस वर आणि खाली, दोन्हीकडे हवा खेळती हवी ती यासाठी.

वास कोणता, हे ओळखणे ही निदानाची पहिली पायरी आहे. नैसर्गिक वायूस स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम कुजकट वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पेट्रोलचा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. तिसरा वास धुराड्यातून येणाऱ्या अर्धवट जळलेल्या इंधनाचा. तो डोळ्यांना झोंबतो. या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साईडही असतो व त्यास वास नसतो. इंजिन गरम व्हावे म्हणून बंद शेडमध्ये मोटार चालू ठेवणे यामुळे प्राणघातक ठरू शकते.

वास केव्हा व कोठे येतो, हेही टिपून ठेवावे. मोटार रात्रभर उभी असताना डिकीजवळ वायूचा वास येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि त्याचे सांधे संशयास्पद ठरतात. डिकीतील सिलिंडरच्या व्हॉल्व्हभोवती एक आवरण असते व त्यातून गळालेला वायू नळीने बाहेर सोडलेला असतो. हे आवरण फाटले किंवा नळी सुटली की वायू थेट प्रवाशांच्या बाजूस येतो. बॉनेटजवळ वायूचा वास असल्यास रिड्यूसर व त्यापुढील रबरी नळ्या पाहाव्यात. पेट्रोलचा वास मागील बाजूस येत असल्यास टाकीचे झाकण व भरण्याची नळी, आणि पुढे येत असल्यास इंजेक्टरच्या रबरी कड्या व नळ्यांच्या क्लिपा तपासाव्यात. ग्रामीण भागात उंदरांनी कुरतडलेली नळी हे कारणही नेहमीचे आहे.

थंड इंजिनावर सांध्यांना साबणाच्या पाण्याचा फेस ब्रशने लावला असता गळतीच्या जागी बुडबुडे येतात. गळती पाहण्यासाठी ज्योतीचा वापर कदापि करू नये. गळती आढळल्यास उच्च दाबाचा सांधा स्वतः आवळण्याच्या भरीस न पडता तो अधिकृत केंद्राकडे सोपवावा.

निदानाचा क्रम

उघड गळती नाही याची खात्री झाल्यावर पुढील परीक्षा एकावेळी एक याप्रमाणे कराव्यात, आणि प्रत्येक परीक्षेपूर्वी मोटार रात्रभर थंड होऊ द्यावी.

१. बॅटरी व प्लग : स्टार्टर संथ फिरत असल्यास प्रथम बॅटरी तपासावी. त्यानंतर प्लग काढून पाहावेत. वायू पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग व अशक्त कॉइल रूपांतरित मोटारीत लवकर उघडे पडतात. प्लगवरील कोरडी काळी काजळी अधिक इंधन दर्शविते, तर पेट्रोलने ओला प्लग ठिणगीचा अभाव किंवा गळका इंजेक्टर दर्शवितो.

२. किल्लीची परीक्षा : किल्ली फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवून दोन-तीन सेकंद थांबावे व परत घ्यावी. असे तीन वेळा करून मग स्टार्टर मारावा. मोटार चटकन लागली तर रात्री पेट्रोलचा दाब उतरतो असे समजावे. दाब पंपाकडे परत उतरत असेल तर वास येत नाही. इंजेक्टरमधून गळत असेल तर पहिल्या सुरुवातीस पेट्रोलचा वास व काळा धूर येतो.

३. वायू तोडण्याची परीक्षा : संध्याकाळी मोटार वायूवर चालू असताना सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करावा. नळीतील वायू संपून मोटार पेट्रोलवर गेली की ती थांबवावी. दुसऱ्या सकाळी सुरुवात चांगली झाली तर रिड्यूसर किंवा वायूचे इंजेक्टर रात्री गळतात आणि तो वायू इंजिनात साठून मिश्रण बिघडवितो, हे स्पष्ट होते. फरक पडला नाही तर दोष अन्यत्र आहे.

४. हवेच्या गळतीची परीक्षा : किट बसविताना हवेच्या नळकांड्यास छिद्रे पाडून वायूच्या तोट्या बसवितात. त्या ढिल्या असल्यास जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि थंड इंजिन थरथरते. तेथील नळ्यांच्या भेगा व क्लिपा डोळ्यांखालून घालाव्यात.

नियंत्रकाची चुकीची शिकवण

वरील सर्व परीक्षांत काही न आढळल्यास रूपांतरित मोटारीचा खास दोष ध्यानात घ्यावा लागतो. मोटारीचा मूळ नियंत्रक धुरातील ऑक्सिजन पाहून इंधनाचे प्रमाण सतत सुधारतो आणि ही सुधारणा लक्षात ठेवतो. किटची जुळणी बिनचूक नसेल तर दिवसभर वायूवर चालताना नियंत्रक जी सुधारणा शिकतो, तीच तो दुसऱ्या सकाळी पेट्रोलवर लागू करतो.

समजा, एखाद्या शिक्षकाच्या मोटारीत किट गरजेपेक्षा कमी वायू सोडते. नियंत्रक इंधन वाढवीत जातो. सकाळी ही वाढ पेट्रोलवर लागू होते. थंडीची नेहमीची वाढ तिच्यात मिळते आणि मिश्रण घट्ट होते. परिणामी प्लग काळे पडतात, धुराड्यातून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. याउलट किट अधिक वायू सोडत असेल तर नियंत्रक इंधन कमी करावयास शिकतो. मग सकाळी पेट्रोल अपुरे पडते. वास येत नाही, पण इंजिन गुदमरून बंद पडते. दोन्ही प्रसंगी प्लग व इंजेक्टर बदलून उपयोग होत नाही, कारण दोष जुळणीत असतो. दोषवाचक यंत्रावर प्रथम पेट्रोलवर आणि नंतर वायूवर इंधनाची दीर्घकालीन सुधारणा वाचल्यास दोन्ही आकड्यांतील तफावत हे कोडे उलगडते. किटची जुळणी पुन्हा करावी, म्हणजे दोन्ही इंधनांवर हे आकडे जवळ येतात.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीत हा प्रश्न नसतो. तेथे पेट्रोल तोडणारा विद्युत व्हॉल्व्ह गळत असेल तर वायूसोबत पेट्रोलही इंजिनात जाते, एवढे पाहावे. मोटार लागत नाही म्हणून बाटलीने हवेच्या नळीत पेट्रोल ओतण्याची काही गॅरेजमधील प्रथा मात्र अत्यंत घातक आहे. इंजिनाने उलटा भडका दिल्यास ओतणाराच होरपळतो.

नियम व नोंदणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांविषयी तरतूद असून इंधनातील बदलाची नोंद नोंदणी पुस्तकात होणे आवश्यक आहे. किट त्या प्रकारच्या वाहनासाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने संमत केलेले असावे लागते. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय. भारत स्टेज ६ मानकाच्या पेट्रोल वाहनांत असे रूपांतर करण्यास २०२२ मध्ये अनुमती देण्यात आली. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये सी.एन.जी. सिलिंडरची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विमा कंपनीसही बदलाची माहिती देणे आवश्यक आहे. अपघातानंतर नोंद नसलेले किट आढळल्यास भरपाई अडकून पडते.

वाहनधारकांसाठी

मोटार वायूवर चालत असली तरी आठवड्यातून काही किलोमीटर ती पेट्रोलवर चालवावी आणि टाकीत ताजे पेट्रोल ठेवावे. तक्रार उद्भवल्यास एका वहीत चार गोष्टी टिपाव्यात : वास कोणता, तो कोठे येतो, केव्हा येतो, आणि त्यावेळी मोटार कोणत्या इंधनावर होती. ही चार उत्तरे घेऊन गेलेल्या वाहनधारकाचा दोष कुशल मिस्त्री लवकर शोधू शकतो. सकाळच्या पाच मिनिटांच्या त्रासापुरता हा प्रश्न नाही. त्याच मोटारीतून मुले शाळेस जातात, रुग्ण दवाखान्यात जातात. वास ही इंधनाने दिलेली पूर्वसूचना आहे. ती वेळीच ऐकण्यात सर्वांचे हित आहे.