एक संथ चित्रपट आणि त्याचे प्रेक्षक

चित्रपट संपून दिवे लागतात त्या क्षणीं प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहण्याची मला जुनी खोड आहे. चित्रपट चांगला कीं वाईट हें त्या तोंडांवरून ठरत नाहीं. पण तो कोणाच्या अंगावरून गेला आणि कोणाच्या अंगांत शिरला, हें बरेंच कळतें. गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारीं नेरुळला एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही नऊ-दहा मंडळी अशींच जमलों होतों. बाहेर पाऊस, आंत भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर किम की-दुक या कोरियन दिग्दर्शकाचा २००३ सालचा चित्रपट. त्याच्या नांवाचें मराठी करावयाचें तर ‘वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर आणि वसंत’ असें होईल. दिवे लागले तेव्हां एक गृहस्थ स्वस्थ झोपले होते, एक लहान मुलगी रुसून गॅलरींत उभी होती, एक आजी पदरानें डोळे पुशीत होत्या, आणि ऐरोलीहून आलेले एक निवृत्त शिक्षक मनापासून रागावले होते. एकाच चित्रपटाचे हे चार परिणाम कसे झाले, तें आज आपणांपुढें मांडावें असा विचार आहे.

कथा थोडक्यांत अशी. डोंगरांनीं वेढलेल्या तळ्याच्या मध्यावर एक लहानसें बौद्ध मंदिर तरंगत आहे. तळें खरें आहे. दक्षिण कोरियांतील च्योंगसोंग भागांत तें सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं शेतीच्या पाण्यासाठीं बांधलें गेलें, आणि त्याच्या पाण्यांत बुंधे बुडवून जुने वाळुंज वृक्ष उभे आहेत. मंदिर मात्र चित्रपटासाठीं उभारलेलें. तेथें एक वृद्ध भिक्षु आणि एक पोर राहतें. वसंतांत तें पोर खेळ म्हणून मासा, बेडूक आणि साप यांना दोरीनें दगड बांधून सोडून देतें. गुरु लांबून पाहतो, बोलत नाहीं. रात्रीं झोपलेल्या पोराच्या पाठीला तो तसाच एक धोंडा बांधतो आणि सकाळीं म्हणतो, जा, तिघांना सोडव. त्यांतला एक जरी मेला असेल तरी हा धोंडा तुला जन्मभर उरांत वागवावा लागेल. बेडूक जगलेला सांपडतो. मासा आणि साप मेलेले. ग्रीष्मांत तें पोर तरुण झालेलें असतें. उपचारासाठीं मंदिरांत आणलेल्या एका मुलीवर त्याचें प्रेम बसतें आणि तिच्यामागें तो जगांत निघून जातो. शरदांत बायकोचा खून करून परत येतो. शिशिरांत, गुरूच्या मागें, शिक्षा भोगून आलेला तोच मंदिराचा भिक्षु होतो. ही भूमिका दिग्दर्शकानें स्वतः केली आहे. एक तान्हें मूल त्याच्या पदरांत पडतें आणि पुन्हां वसंत येतो. एकंदर वेळ शंभर मिनिटांहून थोडा अधिक. संवाद मात्र अगदीं मोजके.

झोपलेल्या गृहस्थांची बाजू आधीं घेतों. ते हिशेबतपासनीस आहेत, आठवडाभर दमलेले असतात, आणि जागे झाल्यावर त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें, “कांहीं होतच नाहीं हो यांत!” आतां ज्यांत एक खून, एक आत्मदहन, पोलीस आणि सोडून दिलेलें मूल आहे त्यांत कांहीं होत नाहीं असें कसें म्हणावें? घटना पुष्कळ आहेत. पण त्या येण्याची वर्दी कोणी देत नाहीं. आपल्या नेहमींच्या चित्रपटांत घटना घडण्याआधीं वाद्यें सूचना देतात, नायकाचें तोंड पडदाभर मोठें होतें, कोठें पाहावें आणि काय वाटून घ्यावें हें ठरवून दिलेलें असतें. येथें कॅमेरा दूर उभा राहतो. नावेला काठाशीं पोंचावयास जेवढा वेळ लागतो तेवढा तिला दिला जातो. काय पाहावयाचें तें डोळ्यानें शोधावें लागतें, आणि ज्या डोळ्याला हें काम करण्याची संवय राहिली नाहीं तो मिटतो.

पण हें काम आपल्याला इतकें परकें आहे काय? अब्दुल करीम खांसाहेबांनीं मिरजेंत राहून किराणा घराण्याची संथ आलापी महाराष्ट्राच्या कानांत मुरविली. विलंबित एकतालाच्या एका आवर्तनाला जो वेळ लागतो तेवढ्यांत आजच्या जाहिरातींतलीं दोन कुटुंबें सुखी होऊन जातात! तरी जाणता श्रोता कंटाळत नाहीं, कारण सम कोठें येणार हें त्याला ठाऊक असतें. सम ठाऊक असली कीं वाट पाहण्यांत गोडी असते. ती ठाऊक नसली कीं तेंच वाट पाहणें शिक्षा होते. या चित्रपटालाही सम आहे. प्रत्येक ऋतूच्या आरंभीं तळ्याच्या काठावरचें एक दार उघडतें. त्या दाराला भिंत नाहीं. बाजूनें कोणीही जाऊं शकेल, तरी माणसें दारांतूनच जातात. मंदिराच्या आंत, निजण्याच्या जागेला, असेंच भिंतीवांचून दार आहे. ग्रीष्मांतल्या एका रात्रीं तो तरुण तें दार टाळून, नसलेल्या भिंतींतून, मुलीकडे जातो. ज्याच्या लक्षांत दार राहिलें आहे त्याचा श्वास येथें अडकतो. ज्याच्या राहिलें नाहीं त्याला एक मुलगा अंथरुणावरून उठला एवढेंच दिसतें.

जातां जातां एक गंमत सांगतों. हेच गृहस्थ हिंवाळ्यांत पहांटे उठून नेरुळच्या खाडीकांठच्या पाणथळींत उतरलेले रोहित पक्षी पाहावयास जातात, आणि एका पायावर उभ्या असलेल्या पक्ष्यांकडे तासतासभर पाहत असतात. तेथें तरी काय होत असतें? मीं तसें म्हटलें तेव्हां ते म्हणाले, “ते खरे आहेत ना!” उत्तर अगदींच फोल नाहीं. पक्ष्यानें आपलें मनोरंजन करावें असा करार झालेला नसतो.

गॅलरींत उभी राहिलेली मुलगी बारा वर्षांची. तिला चित्रपट संथ वाटलाच नव्हता; तिला तो सोसला नव्हता. मेलेला साप पाहून ती उठली होती. समजूत घालावयास गेलेल्या आईला तिनें विचारलें, “तो म्हातारा बघत उभा होता ना? मग त्यानेंच लगेच कां नाहीं सोडविलें?” आम्ही मोठीं माणसें गुरूच्या त्या मौनांत करुणा आणि शहाणपण पाहत होतों. एका पोराला धडा मिळावा म्हणून दोन जीव गेले, हा हिशेब आमच्यापैकीं कोणीही, हिशेबतपासनीसांनीं सुद्धां, मांडला नव्हता.

आजींची गोष्ट निराळी. पडद्याच्या तळाशीं येणारीं इंग्रजी वाक्यें त्यांना वाचतां येत नव्हतीं, आणि अर्थ सांगण्याचें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. त्यांनीं नुसतें पाहिलें. शिशिरांत तो भिक्षु कंबरेला जात्याच्या तळीसारखा जड दगड बांधून, हातीं मैत्रेयाची मूर्ति घेऊन, बर्फाळ डोंगर चढतो. तोंवर जवळजवळ मुका असलेला चित्रपट येथें एकाएकीं गाऊं लागतो. ‘आरिरांग’ या कोरियन लोकगीताचा एक प्रकार एक स्त्री मोकळ्या, जड आवाजांत गाते. आजी हळूच म्हणाल्या, “हा लहानपणचाच धोंडा.” पाल श्रेडर नांवाच्या अमेरिकन लेखकानें १९७२ सालीं अशा चित्रपटांवर एक ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, हे दिग्दर्शक भावनेला वाट देत नाहींत, तिला रोज थोडी थोडी अडवून धरतात, आणि शेवटीं एकदांच बांध फोडतात. त्यानें ज्यांच्यावर लिहिलें त्यांत जपानचा ओझू हा प्रमुख. त्या ओझूच्या कामाकुरा येथील थडग्यावर नांव नाहीं. ‘कांहीं नाहीं’ या अर्थाचें एकच अक्षर आहे. आजींना ना श्रेडर ठाऊक ना ओझू. पण बांध कोठें फुटला हें खोलींतल्या कोणाहीपेक्षां त्यांना आधीं कळलें.

आतां शिक्षकांचा राग. त्यांच्या वडिलांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेतली. घरांत बुद्ध आहे तो त्या दिवसापासून. ते म्हणाले, “बुद्धाचा चित्रपट म्हणून मला बोलाविलेंत. यांत बुद्ध कोठें आहे? पाण्याच्या मधोमध घर बांधून बसणारा माणूस तो नव्हे. तो पंचेचाळीस वर्षें पायीं हिंडला, लोकांत बोलला.”

या आक्षेपाला वजन आहे, कारण आपल्या पडद्यानें बुद्ध दाखविला तो बहुधा लोकांतून निघून जाणाराच. दादासाहेब फाळक्यांनीं १९२३ सालीं ‘बुद्धदेव’ काढला. त्यानंतर दोनच वर्षांनीं हिमांशु राय आणि जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘प्रेम संन्यास’ तयार झाला. त्यांत राय स्वतः गौतम झाले होते. राजवाडा, दुःखाचें दर्शन आणि गृहत्याग हीच त्याची कथा. बाबासाहेबांनीं ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आरंभींच या कथेवर प्रश्न उभा केला. एकोणतीस वर्षांच्या माणसानें तोंवर म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलें नसेल हें बुद्धीला पटत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं गृहत्यागाचें कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यांत पेटलेल्या तंट्यांत दाखविलें. युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला देश सोडावा लागला. या बुद्धाचें तळें म्हणजे भांडणाचें पाणी आहे. त्यांत डोंगराचें प्रतिबिंब पाहत बसावयास कोणाला सवड नाहीं.

मीं माझ्या परीनें उत्तर दिलें. बौद्ध परंपरा एक नाहीं. कोरियांतील भिक्षु ध्यानमार्गी महायानाचे वारस आहेत, आणि चित्रपट त्यांच्या जगाची एक कल्पित कथा सांगतो, बुद्धचरित्र सांगत नाहीं. मग मीं शरदांतल्या प्रसंगाची आठवण दिली. खून करून आलेल्या शिष्याच्या अंगांत राग मावत नाहीं. गुरु मांजराच्या शेपटीनें मंदिराच्या फळ्यांवर प्रज्ञापारमिता-हृदयसूत्र लिहितो आणि शिष्याला, ज्या सुरीनें खून केला त्याच सुरीनें, तीं अक्षरें कोरावयास सांगतो. चिनी भाषांतरांत हें सूत्र अवघ्या २६० अक्षरांचें आहे. पण लांकडांत तीं कोरतां कोरतां रात्र सरते. त्याला पकडावयास आलेले दोघे पोलीस तोंवर थांबतात, आणि शेवटीं त्या अक्षरांत रंगही भरूं लागतात. सगळ्या चित्रपटांत बाहेरचें जग, कायदा आणि शासन, येथें तेवढें धर्मापाशीं येऊन बसतें.

शिक्षक थोडा वेळ गप्प राहिले. “पोलीस थांबले तें चांगलें दाखविलें,” ते म्हणाले, “पण जिला मारलें तिचें काय?” खून पडद्यावर नाहीं. खाण्याच्या पदार्थाभोंवतीं गुंडाळलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुरूला ती बातमी दिसते, आणि त्या बाईची कथा तेवढ्या कागदांत संपते. पुढें शिशिरांत मूल ठेवून जाणारी स्त्री येते, तिचें तोंड झांकलेलें. ती बर्फाच्या भोंकांत पडून मरते. पुरुषाला पांच ऋतु आणि स्त्रीला कागदाचा तुकडा, या त्यांच्या हिशेबाला माझ्यापाशीं जबाब नव्हता. येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, २०१८ सालीं कांहीं अभिनेत्रींनीं याच दिग्दर्शकावर अत्याचाराचे आरोप केले. त्यानें ते नाकारले. २०२० च्या डिसेंबरांत लाटव्हिया देशांत तो वारला. तें ठाऊक झाल्यावर त्या झांकलेल्या तोंडाकडे मला पूर्वींसारखें पाहतां येत नाहीं. चित्रपट मला अजून आवडतो. पण पूर्वीं तो आवडण्यांत जी निश्चिंति होती ती गेली.

रात्रीं शिक्षकांना पोंचवावयास मी नेरुळ स्थानकावर गेलों. ठाण्याकडे जाणारी गाडी उशिरानें होती. पावसाचें पाणी पत्र्यावरून रुळांवर पडत होतें आणि आम्ही दोघे बांकावर कांहीं न बोलतां बसलों होतों. गाडीचा दिवा दिसला तेव्हां ते उठले. “त्या मुलीनें जें विचारलें ना, म्हाताऱ्यानें साप लगेच कां सोडविला नाहीं,” छत्री मिटतां मिटतां ते म्हणाले, “तो प्रश्न मला सुचावयास हवा होता.” मग चित्रपट दोन दिवस घरीं नेण्यास मिळेल काय, असें त्यांनीं विचारलें, बायकोला दाखवावयाचा आहे म्हणाले.