पाठ्यपुस्तकातील चौरस

पाठ्यपुस्तकात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौरस छापलेला असतो. रांगोळीचे ठिपके घाईघाईने सांडावेत, तसा तो दिसतो. परंतु त्यातील एकही ठिपका निष्कारण नाही. त्यास क्यूआर कोड म्हणतात.

त्याचा जन्म शाळेत नव्हे, कारखानदारीत झाला. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या डेन्सो ह्या जपानी उद्योगसमूहात मासाहिरो हारा हे अभियंते होते. पेट्यांवरील उभ्या रेघांच्या पट्टीत जेमतेम वीस अक्षरे मावत. त्यामुळे एकेका पेटीवर अनेक पट्ट्या लावाव्या लागत आणि त्या यंत्राने वाचता वाचता कामगार थकून जात. ‘गो’ नावाच्या पटावरील खेळात काळ्यापांढऱ्या सोंगट्या आडव्याउभ्या मांडतात. तो खेळताना हारांना सुचले की, मजकूरही तसाच दोन्ही दिशांनी मांडता येईल. १९९४ साली हा चौरस सिद्ध झाला. त्यात सात हजारांहून अधिक अंक मावू शकतात!

त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोन नीट पाहा. मधोमध रेघ ओढली, तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा हे भाग १:१:३:१:१ ह्या प्रमाणात येतात. इतर छपाईत हे प्रमाण क्वचितच आढळते. म्हणून हारांनी ते निवडले. चौथ्या कोपऱ्यात तसा ठळक चौकोन नसल्यामुळे पुस्तक उलटे धरले तरी यंत्रास दिशा कळते. थोडासा शाईचा डाग पडला, तरीही मजकूर वाचता येतो. कारण तो वाचण्यास लागणारी जादा माहिती चौरसातच साठविलेली असते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी हा चौरस क्रमिक पुस्तकांस जोडला. ज्या बालकास अद्याप वाचता येत नाही, त्यासही त्यामुळे कविता ऐकता येऊ लागली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे चौरस आले. २०२० साली डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांच्या त्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली.

तथापि, चौरसात कविता नसते. असतो तो केवळ तिचा पत्ता. तेथवर जाण्यास फोन हवा, आणि अनेक घरांतील एकुलता एक फोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा एका घरी जो चौरस बोलू लागला, तोच शेजारच्या घरी नुसती शाई होऊन राहिला. पालघर जिल्ह्यातील दांडवळ गावी त्या वर्षी ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित पाठ ऐकवीत. मुले उघड्यावर अंतर राखून बसत आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एका सुरात देत.