मुदत संपलेला पट्टा आणि दाद मागणारा तिसरा

खाणपट्ट्याच्या फाइलमध्ये खनिजाची प्रत, खड्ड्याची खोली, रॉयल्टीच्या पावत्या हे सगळे मागाहून पाहायचे; आधी पाहायची ती मुदत संपल्याची तारीख. गोव्याच्या लोहखनिजाबाबत ही तारीख पक्की व्हायला २१ एप्रिल २०१४ उजाडला. पोर्तुगीज राजवटीने १९०६च्या फर्मानाखाली दिलेल्या खाण-सवलतींना मुदतच नव्हती आणि मुक्तीनंतरही त्या तशाच चालू राहिल्या. संसदेने १९८७ साली कायदा करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांना भारतीय कायद्याखालचे पट्टे मानले. २०१४च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशोब मांडला तो असा: या मानीव पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली, २० वर्षांचे नूतनीकरण धरले तरी २२ नोव्हेंबर २००७ रोजी सगळे आटोपले, त्यानंतरचे खाणकाम बेकायदा. म्हणजे बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबेपर्यंत डिचोली, सांगे भागांतून ट्रक धावत होते, मांडवी-जुवारीतून बार्ज मुरगावकडे जात होते, आणि त्या मालाला वैध पट्ट्याचा आधार नव्हता.

एवढी वर्षे हे चालले कसे, याचे उत्तर चोरट्या रात्रींत शोधण्याची गरज नाही. ते नियमातच होते. पट्टेदाराने मुदतीच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला आणि सरकारने त्यावर निर्णयच दिला नाही, तर पट्टा पुढे चालू आहे असे मानायचे, असा खनिज सवलत नियमांतला नियम २४अ(६) होता. त्यामागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. बाबूने फाइल दाबली म्हणून चालू खाण बंद का पडावी? पण या नियमाने दिरंगाईला किंमत आली. निर्णय जितका लांबेल तितका माल निघत राहतो, सरकारला रॉयल्टी मिळत राहते, आणि ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. न्यायालयाने हा नियम पहिल्या नूतनीकरणापुरताच आहे असे सांगितले. दुसऱ्यांदा मुदत द्यायची तर खनिज विकासाच्या दृष्टीने ती का हवी याची कारणे सरकारने लेखी नोंदवली पाहिजेत, असेही न्यायालयाने बजावले. माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथेच आहे. पट्टा संपल्यावर पट्टेदाराजवळ उरतो तो अर्जाचा रीतसर विचार व्हावा एवढाच हक्क. खाणीवरचा हक्क तारखेबरोबर संपतो. आणि तो संपला हे सांगायला पट्टेदार जाणार नसेल, सरकारही जाणार नसेल, तर कोर्टाची पायरी तिसऱ्या कोणाला तरी चढता आलीच पाहिजे.

या तिसऱ्याला खाण कायद्यात फारशी जागा नाही. कलम २२ प्रमाणे गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरून. बेकायदा काढलेल्या खनिजाची किंमत वसूल करण्याचा अधिकार कलम २१(५) राज्य सरकारला देते. कलम ३० खाली केंद्राकडे फेरतपासणी मागायची तर ‘बाधित पक्ष’ असावे लागते. शेतात खाणीचा गाळ आलेला शिरगाव-पिसुर्लेचा शेतकरी यात कुठे बसवायचा? त्याच्यासाठी वाट उरते ती रिट याचिकेची, आणि ती रुंद झाली १९८१च्या एस. पी. गुप्ता निकालाने, ज्याने सार्वजनिक हानीबद्दल सद्हेतूने दाद मागणाऱ्या कोणाही नागरिकाला दार उघडले. गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था याच वाटेने गेली.

यावर खाणींच्या भागात नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा, की ज्याचे काही गेले नाही त्याने दुसऱ्याच्या धंद्यात का पडावे? पण २०१४ नंतर जे घडले तेच याला उत्तर आहे. त्या निकालानंतर राज्य सरकारने जुन्याच पट्टेदारांना ८८ पट्टे नूतनीकरण करून दिले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम निघाला १२ जानेवारी २०१५ रोजी, आणि यांतल्या कित्येक नूतनीकरणांच्या तारखा त्याच्या आदल्या काही दिवसांतल्या आहेत. देणारा खूश, घेणारा खूश. मग तक्रार करणार कोण? या व्यवहारात नुकसान होते ते जनतेच्या तिजोरीचे, आणि तिजोरीची किल्ली देणाऱ्याच्याच कमरेला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ही नूतनीकरणे रद्द केली, ती याच तिसऱ्याने दाद मागितली म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस हप्त्यात अडकला, बार्जवाले, गॅरेजवाले, खानावळवाले बसले. त्यांचा कसलाच दोष नव्हता. पण २०१४च्या निकालाने गोव्यातून खाणकाम हद्दपार केले नव्हते; वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितली. नव्याने पट्टे द्यायचा रस्ता मोकळा होता. सरकारने जुन्यांनाच पुढे रेटायचा आडरस्ता धरला, तो २०१८मध्ये बंद झाला, आणि पहिले लिलाव झाले ते डिसेंबर २०२२मध्ये. मधल्या वर्षांचा हिशोब याचिकाकर्त्याकडे मागणे मला तरी पटत नाही.

पट्टेदारांना न्यायालयाने वाऱ्यावर सोडले असेही नाही. २०१८च्या निकालाविरुद्ध राज्य सरकार आणि वेदान्त ही खाण कंपनी पुनर्विलोकनासाठी गेले; ३० दिवसांची मुदत उलटून बराच काळ लोटला होता, शिवाय मूळ निकाल देणारे न्यायाधीश निवृत्त होऊ लागल्यावर या याचिका आल्या. जुलै २०२१मध्ये त्या फेटाळल्या गेल्या. पुढे २०२२मध्ये खाणजागा रिकामी करण्याच्या नोटिसांना पट्टेदारांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये त्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. राहिली २००७ नंतर काढलेल्या मालाची किंमत. ती वसूल करण्याचे काम कलम २१(५)ने राज्य सरकारवर सोपवले आहे, म्हणजे पुन्हा त्याच हातांत, ज्यांनी २०१५ साली नूतनीकरणांवर सह्या केल्या.