एक खाते, एका वेळी एकच संगणक : ई-मित्र केंद्रावर लॉगिन करताना घ्यावयाची काळजी

जयपूर-अजमेर महामार्गावरील बगरू हे हाताने ठसे उठवून केलेल्या कापडछपाईसाठी प्रसिद्ध आहे. येथील कारागीर असोत वा कामानिमित्त येऊन राहिलेली मराठी कुटुंबे, राजस्थान शासनाच्या अनेक ऑनलाइन सेवांचे दार एकच : एसएसओ आयडी. म्हणूनच तो दुसऱ्याच्या संगणकावर उघडा राहणे धोक्याचे आहे.

एका वेळी एकच लॉगिन म्हणजे काय?

आपण पासवर्ड टाकला की सर्व्हर त्या संगणकाला एक तात्पुरता क्रमांक देतो आणि आपल्या नावापुढे त्याची नोंद ठेवतो. त्याच आयडीने दुसरीकडे लॉगिन झाल्यास दोन पद्धती वापरल्या जातात :

१. दुसरे लॉगिन नाकारणे. यात वीज गेल्याने संगणक बंद पडला, तर जुनी नोंद मिटेपर्यंत आपल्यालाही थांबावे लागते.

२. जुने लॉगिन रद्द करणे. यात न जतन केलेला अर्ज वाया जाऊ शकतो. पण खाते अचानक बंद झाल्याने कोणीतरी आत शिरल्याचा संशय तरी येतो.

सर्वच संकेतस्थळांवर अशी मर्यादा असते असे नाही.

एवढ्याने खाते सुरक्षित होते का?

नाही. आपण घरी गेल्यावर कोणी आपला पासवर्ड वापरला, तर त्या वेळी लॉगिन एकच असते. मर्यादा त्याला अडवत नाही.

लाभार्थ्यांनी काय करावे?

• केंद्रचालकाकडे स्वतःचा लॉगिन असतो. त्यातून अर्ज भरता येत असल्यास आपला पासवर्ड देऊ नये.
• स्वतःचे खाते उघडल्यास पासवर्ड स्वतः टाकावा व ‘पासवर्ड जतन करा’ हा पर्याय नाकारावा.
• ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी आला आहे हे संदेशात वाचावे किंवा घरातील जाणत्याकडून वाचून घ्यावे.
• काम संपल्यावर ‘लॉगआउट’ करावे. नुसती खिडकी बंद करणे पुरेसे नाही.
• पावती घ्यावी; नोंदवलेला मोबाइल व बँक खाते क्रमांक तपासावा.

संशय आल्यास

प्रथम पासवर्ड बदलावा. आधारचा वापर कधी झाला हे ‘माय आधार’ संकेतस्थळावर पाहता येते. तेथे बायोमेट्रिक लॉक करण्याचीही सोय आहे. आधारविषयक मदतीसाठी १९४७ वर, तर पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० वर संपर्क साधावा.