ब्रश कटर आचके देतो, तेव्हा आधी पेट्रोलचा कॅन पाहा



आडसाली लागण आटोपेपर्यंत बांधावरचे गवत कमरेला लागते. पूर्वी चार बायका विळे घेऊन आल्या की दोन दिवसांत बांध मोकळे होत. आता भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात रोजंदारीला माणूस मिळणे कठीण. घरातली पोरे कंपनीत शिफ्टला, आणि उरलेल्या तीस-चाळीस गुंठ्यांचे काम सुट्टीच्या दिवशी उरकायचे. म्हणून पेट्रोलवरचा ब्रश कटर पुष्कळ घरांत आला. आणि नेमका सुट्टीच्या दिवशीच तो रुसतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्यावर हीच वेळ आली. दोरी ओढली की इंजिन लागायचे, मिनिटभर चालायचे, मग आवाज वर-खाली, वर-खाली. रेस दिली की गळा दाबल्यासारखे व्हायचे. मी प्लग बदलला, तरी तेच. दुसरा आणला, तरी तेच! आमच्या भावकीतल्या एकाने तर माझ्याच कॅनमधले पेट्रोल नेऊन आपले यंत्र तसेच रेटले. तासाभरात ते जाम झाले. उघडले तेव्हा पिस्टनवर आणि सिलिंडरवर उभे ओरखडे.

भोसरीला एक जुने मिस्त्री आहेत, चेतकच्या जमान्यातले. त्यांनी माझ्या यंत्राला हातसुद्धा लावला नाही. "कॅन आणलाय का?" एवढेच विचारले. कॅन हलवून त्यातले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतले आणि बाटली खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने बाटलीत आडवी रेघ दिसू लागली. वर तेल मिसळलेले पेट्रोल, तळाशी दोन बोटे काहीतरी निराळेच.

"हे बघा तुमचं दुखणं. त्याला प्लग काय करणार?"

या दुखण्यात आपल्याच उसाचा हात आहे, हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. २०१४ साली देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी होते, ते अलीकडे ओढून २०२५ साली गाठले गेले. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉल तेल कंपन्या उचलतात. ऊस उत्पादकाला यात फायदाच आहे, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण वस्तूचा गुण ओळखून ती वापरावी लागते.

पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉल मात्र दोघांतही मिसळते, आणि पाणी ओढून घेते. पाणी थोडे असेल तोवर ते इथेनॉलच्या आधाराने पेट्रोलमध्ये विरून राहते व इंजिनातून निघून जाते. प्रमाण वाढले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर तळाला बसते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणासाठी वेगळे ऑइल नसते, पेट्रोलमध्ये घातलेले २टी ऑइल हेच त्याचे वंगण. ते ऑइल वरच्या थरात राहते. टाकीतला फिल्टर तर तळाशी लोळत असतो. म्हणजे इंजिन ओढते ते पाणी आणि स्पिरिट, वंगणाचा थेंब नाही. आमच्या भावकीतल्याचा पिस्टन गेला तो असा. माझ्या कॅनच्या झाकणाचा वॉशर हरवला होता आणि शेडचा पत्रा गळत होता, एवढेच कारण.

मी टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरले. सुधारणा झाली, पण पुरती नाही. तेव्हा मिस्त्रींनी उरलेले शिकवले. ते आपल्याला जड जाऊ नये. १९७२ साली आकुर्डीत बनायला लागलेली चेतक ज्याच्या दारात होती, त्याला प्लग घासणे आणि स्कूटर एका अंगावर कलवून किक मारणे कोणी शिकवायला लागत नाही. ब्रश कटरला मात्र कलवून उपयोग नसतो. त्याच्या कारबोरेटरात फ्लोट नाही, रबरासारखा एक पातळ पडदा आहे, म्हणून यंत्र कसेही धरले तरी पेट्रोल पोचते. तो पडदा कडक झाला की इंजिनाची भूक आणि पुरवठा यांचा मेळ बसत नाही. माझा कडक झालेला निघाला. पडदा आणि गॅस्केटचा संच मिळतो, पूर्ण कारबोरेटर घ्यायची गरज नाही.

पण कारबोरेटर खोलण्याआधी दोन गोष्टी फुकटात कळतात. चालत्या इंजिनाला अर्धा चोक द्या. सुधारले, तर पेट्रोल कमी पडते आहे: टाकीतला फिल्टर तुंबला, नळीला चीर गेली, नाहीतर कारबोरेटरच्या जोडातून हवा शिरते. आणखी बिघडून काळा धूर आला, तर हवा कमी आहे. एअर फिल्टर धुवा, तो बहुधा गवताच्या भुशाने भरलेला असतो. दुसरे, पाच-दहा मिनिटे नीट चालून बंद पडत असेल तर टाकीचे झाकण जरा सैल करून पाहा. लगेच पूर्ववत झाले तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. या एका भोकापायी लोकांनी नवे कारबोरेटर घेतलेले मला माहीत आहेत.

प्लग काढाल तेव्हा आधी त्याचा रंग पाहा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर बरे. काळा-ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक असेल तर यंत्र तसेच चालवू नका, पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त अशी ती खूण आहे. गॅपला फीलर गेज नसेल तर हातकरवतीच्या पात्याचा तुकडा चालतो, तो ०.६ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. नक्की आकडा यंत्राच्या पुस्तकातला घ्यावा. रिकामे चांगले चालते पण गवतात घातले की दम टाकते, असे असेल तर सायलेन्सरची जाळी काजळीने भरलेली असते.

कारबोरेटरचे स्क्रू सर्वांत शेवटी. आम्ही नेमके तिथूनच सुरू करतो! इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने जुन्या बेतावर लावलेले मिश्रण जरा पातळ पडते, म्हणून थोडी सुधारणा लागू शकते. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थांनी वीस टक्क्यांच्या चाचण्या घेतल्या त्या गाड्यांवर. आपले यंत्र जुने असेल आणि पुस्तकात दहाच टक्के लिहिले असतील, तर नळ्या आणि पडदे दर हंगामात तपासावेत.

ऑइलचे माप अंदाजाने घालू नका. पुस्तकात पंचवीसास एक असेल तर लिटरला ४० मिलि, पन्नासास एक असेल तर २०. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगची टोपी काढावी. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये.

मी आता लिटरभरच मिश्रण करतो आणि ते पंधरवड्यात संपवतो. दिवाळीनंतर यंत्र ठेवायचे झाले की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, मग खुंटीला टांगतो. कॅनला नवा वॉशर बसवला आहे. पत्रा अजून गळतो.