नर पिवळा, मादी पिवळा

चीनमध्ये ड्रॅगन बोट उत्सव आला की शर्यतींच्या छायाचित्रांबरोबर एक इशाराही ठरलेला: 'श्योंगह्वांग' घातलेली दारू पिऊ नका. श्योंगह्वांग म्हणजे आपली मनशीळ. तिची जोडीदार 'त्स्‌ह्वांग', म्हणजे हरताळ. दोन्ही आर्सेनिक आणि गंधकाची संयुगे. नावांचा शब्दशः अर्थ 'नर पिवळा' आणि 'मादी पिवळा'. डोंगराच्या उन्हाकडच्या अंगाला निघतो तो नर, सावलीकडे ती मादी, असा जुन्या चिनी औषधग्रंथांचा खुलासा. ऐकायला झकास, पण खाणीत ही दोन्ही खनिजे बहुधा शेजारी-शेजारीच सापडतात. यिन-यांगच्या चौकटीत बसवायला हा खुलासा मागाहून रचला असावा, असा मला दाट संशय आहे.

खरी गंमत हरताळाची. जुना चिनी कागद किडीपासून वाचावा म्हणून झाडाच्या सालीच्या पिवळ्या रंगात भिजवत. त्यावर चुकलेले अक्षर झाकायला तितकेच पिवळे काहीतरी हवे. सहाव्या शतकातल्या 'छी-मिन याओ-शू' या चक्क शेतीवरच्या ग्रंथात त्यासाठी हरताळ तयार करण्याची कृती आहे! अकराव्या शतकात शेन क्वो या चौकस अधिकाऱ्याने सगळे उपाय तोलून पाहिले: खरवडले तर कागद दुखावतो, चिकटवलेला तुकडा निघून येतो, पांढऱ्या लेपाचे बरेच हात द्यावे लागतात, हरताळ एका हातात काम करते. बोलता बोलता विधाने फिरवणाऱ्या वांग यान या मंत्र्याच्या तोंडातच हरताळ आहे, असे लोक म्हणत. बेताल बोलण्याला चिनीत आजही हरताळाचाच वाक्प्रचार आहे. आपण नियमांना हरताळ फासतो, तेही पोथीतल्या याच खाडाखोडीतून आलेले.

जपानने ही नावे अक्षरांसकट घेतली, पण तिथे 'शिओ' (मादी पिवळा) हे नाव झाडाच्या पिवळ्या डिंकालाही चिकटले. नाव खनिजाचे, माल झाडाचा.

शिशाच्या पिवळ्या भस्माची कथा आणखी लांबची. फारसी 'मुर्दासंग'मधला 'संग' म्हणजे दगड. चीनमध्ये त्याचे 'मि-थ्वो-संग' झाले आणि शेवटच्या अक्षराला निवडलेल्या चिन्हाचा अर्थ निघाला बौद्ध भिक्षू. आपल्याकडे त्याच दगडाला शिंग फुटले: मुरदाडशिंग. जपानने भिक्षूवाले रूप घेतले. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात ही पूड घालून केलेल्या चित्रकामाला तिथे 'मित्सुदा-ए' म्हणतात. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठव्या शतकातल्या रंगीत पेट्या आहेत.