शॉकअप नसलेल्या सायकलचा धक्का कोण सोसतो?

भवानी पेठेतून रूपाभवानीच्या देवळावरून तुळजापूर रस्त्याला लागायचे आणि शहर मागे पडले, की डांबर सोडून हिप्परगा तलावाच्या बाजूच्या मुरमाड वाटेला सायकल घालायची. पहिल्या शंभर मीटरमध्येच फरक कळतो. डांबरावर गुपचूप चालणारी सायकल खडखडू लागते, दात एकमेकांवर आपटतात, हँडल हातातून सुटू पाहते. अर्ध्या तासाने पाणी प्यायला थांबावे, तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झालेले असते. बाटलीचे झाकणही नीट फिरवता येत नाही.

पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला सायकलच्या दुकानात चिमटा म्हणतात. काही सायकलींच्या चिमट्यात धक्के शोषणारी यंत्रणा, म्हणजे शॉकअप असते. काहींचा चिमटा साधा, ताठ असतो. असा ताठ चिमटा लावून खडकाळ वाटेवर शर्यत करणारे सायकलस्वार जगभर आहेत. कोणाला शॉकअपची किंमत परवडत नाही, तर कोणाला मुद्दाम साधी सायकलच आवडते. प्रश्न इतकाच की चाकाला बसलेला धक्का नाहीसा होत नाही. शॉकअपने तो जिरवला नाही, तर तो जातो कुठे? उत्तर सोपे आहे. तो जातो हातात, आणि तेथून कोपर, खांदा, मान अशा वाटेने वर.

सगळ्याच सायकली ताठ होत्या

माउंटन बाईकचा खेळ सुरू झाला तेव्हा शॉकअप नव्हतेच. १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली डोंगरावरून खाली सोडण्याची शर्यत सुरू केली. तिचे नाव ‘रीपॅक’. पायडल उलटे फिरवून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे, की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. त्या सायकलींचे चिमटे ताठच होते.

१९८९ मध्ये ‘रॉकशॉक्स’ ही कंपनी सुरू झाली आणि मोटारसायकलसारखा हवा-तेलाचा चिमटा सायकलला मिळाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री माउंटन बाईक शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंटजेन्स आणि इटलीची पाओला पेझो यांनी तेथे सुवर्णपदके मिळवली. आज जागतिक स्पर्धांत पुढे शॉकअप नसलेली सायकल जवळपास दिसत नाही. आपल्याकडेही हा खेळ रुजतो आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बाईक प्रकारात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले आहे. या खेळाला हिमालयच लागतो असे नाही. चढ-उतार, दगड, मुरूम आणि अरुंद पायवाट एवढ्यावर क्रॉस कंट्रीचा सराव होतो, आणि सोलापूरच्या आसपासच्या माळरानावर यातले सगळे आहे.

सेकंदाला अकरा धक्के

कच्च्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन आडव्या वळ्या पडतात, पत्र्याच्या पन्हळीसारख्या. दोन वळ्यांमध्ये अर्धा मीटर अंतर आहे असे धरू. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर पुढे सरकते. म्हणजे पुढच्या चाकाला सेकंदाला अकरा धक्के बसतात. अशा रस्त्यावर दहा मिनिटे गेली, तर धक्क्यांची संख्या सहा हजारांच्या वर जाते.

ही अकराची संख्या महत्त्वाची आहे. हाताला बसणारी कंपने मोजण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात, तिच्यात सर्वाधिक वजन दिले आहे ते सेकंदाला साधारण ८ ते १६ या पट्ट्यातल्या कंपनांना. हाताच्या दृष्टीने हाच पट्टा सर्वांत त्रासदायक मानला जातो. ड्रिल मशीन, दगड फोडण्याचे यंत्र चालवणाऱ्या कामगारांसाठी युरोपात २००२ सालापासून याविषयी नियम आहे. दिवसाच्या आठ तासांच्या हिशेबाने कंपनांची सरासरी तीव्रता २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपर्यंत पोचली, की मालकाने ती कमी करण्यासाठी पावले उचलायची आणि ५ च्या वर ती जाऊच द्यायची नाही. सायकलस्वाराला असा नियम लागू नाही. पण कंपन यंत्राचे आहे की मुरमाच्या रस्त्याचे, हे मज्जातंतूला कळत नाही.

स्नायूच झाले शॉकअप

चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामे होतात. स्प्रिंग किंवा दाबलेली हवा धक्का झेलते, आणि बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल ती ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून जिरवते. ताठ चिमट्याच्या सायकलवर ही दोन्ही कामे शरीर करते. चाक दगडावर आदळले की कोपर वाकते. ते वाकू देताना दंडामागचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी जोर लावून त्याला आवरतही असतो. गुडघे आणि मांड्यांचेही तेच.

लांबत असतानाच जोर लावणे हे स्नायूसाठी सर्वांत कष्टाचे काम. तालमीत पहिल्या दिवशी जोर-बैठका काढणाऱ्याचे अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबून जाते, ते प्रामुख्याने यामुळेच. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ‘क्रिएटिन कायनेज’ नावाचे विकर रक्तात उतरते.

१९९७ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण ताठ, फक्त पुढे शॉकअप असलेली आणि पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली अशा तीन प्रकारच्या सायकली चालवून पाहिल्या गेल्या. एकाच वेगाने चालवताना शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनमध्ये विशेष फरक आढळला नाही. मात्र ताठ सायकलवर हृदयाचे ठोके जास्त पडले आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील क्रिएटिन कायनेजही जास्त वाढलेले दिसले. वेळ लावून केलेल्या क्रॉस कंट्री फेरीत फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल सरस ठरली. थोडक्यात, ताठ चिमट्याची किंमत फुप्फुसे कमी आणि स्नायू जास्त मोजतात, आणि तिची वसुली दुसऱ्या दिवशी होते.

यात एक दिलासा आहे. स्नायू शिकतात. तोच ताण पुन्हा काही दिवसांनी दिला, तर इजा बरीच कमी होते. म्हणून खडकाळ वाट आठवड्याआठवड्याने वाढवत नेणाऱ्याला ताठ सायकल झेपते. पहिल्याच रविवारी तीन तास दगडांत घालवणाऱ्याला ती झेपत नाही.

करंगळीची तक्रार

स्नायू भरून येतात. जास्त जपायचे ते मज्जातंतूला. कोपराला टेबलाची कड लागली की झिणझिण्या येतात, तोच तंतू, अल्नर नर्व्ह, पुढे मनगटापाशी करंगळीच्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरतो. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्युयाँ यांनी १८६१ मध्ये या बोगद्याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. हँडलवर तळहाताचा नेमका हाच भाग टेकतो. वरून शरीराचा भार, खालून कंपन, आणि मध्ये हा तंतू.

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होणे हे पहिले लक्षण. काहींना बधिरपणा न येता थेट अशक्तपणा येतो. बोटे फाकवता येत नाहीत, चिमटीत वस्तू धरवत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगटाच्या मधोमध जाणाऱ्या दुसऱ्या तंतूवर दाब येतो आहे असे समजावे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६०० किलोमीटरच्या सफरीवर निघालेल्या २५ सायकलस्वारांचे हात आधी आणि नंतर तपासले गेले. त्यांपैकी २३ जणांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले.

भवानी पेठेसारख्या वस्तीत ही गोष्ट फक्त हौशी खेळाडूची राहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणे, विडी वळणे, शिलाई करणे अशा कामांवर हजारो घरे चालतात. ही सगळी कामे चिमटीची आणि बोटांच्या टोकांची. आठवडाभर धागा धरणाऱ्या हाताला रविवारी मुरमाच्या वाटेवर बधिरपणा आला आणि तो सोमवारी उतरला नाही, तर प्रश्न रोजगाराचा होतो. मधुमेह असलेल्यांचे मज्जातंतू आधीच नाजूक असतात, त्यांनी तर अधिकच सावध राहायला हवे.

आधी हवा बघा, मग शॉकअप

ताठ सायकलवर सर्वांत स्वस्त शॉकअप म्हणजे टायर. सव्वादोन इंच रुंदीच्या टायरमध्ये पाच सेंटिमीटरहून जास्त जाडीची हवेची गादी असते. पण पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर लावला, की टायर दगडासारखा टणक करून देण्याची सवय आहे. टणक टायर गुळगुळीत डांबरावर ठीक. खडकाळ वाटेवर तो प्रत्येक दगडावर उडतो, त्यात वेगही जातो आणि हातही जातात. ६५-७० किलो वजनाच्या माणसाला एवढ्या रुंद टायरमध्ये कच्च्या वाटेसाठी साधारण २५ ते ३० पीएसआय हवा पुरते. टायरच्या बाजूला छापलेली किमान-कमाल मर्यादा मात्र पाहावी. हवा फार कमी केली तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिरडते. आपल्याकडे बाभळीचे काटेही आहेत. त्यामुळे नियमित माळावर जाणारे ट्यूब काढून आत चिकट द्राव भरलेले ट्यूबलेस टायर पसंत करतात.

टायरचे महत्त्व किती, याचा दाखला फ्रान्समधील ‘पॅरिस-रूबे’ या दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या शर्यतीने दिला आहे. १९९२, १९९३ आणि १९९४ अशी सलग तीन वर्षे तेथील विजेत्यांनी पुढे शॉकअप लावले होते. तरीही ती पद्धत टिकली नाही. आज त्याच दगडांवरून बहुतेक जण ताठ चिमट्यानेच जातात. फरक एवढाच की टायर पूर्वीपेक्षा रुंद झाले आणि त्यांतली हवा कमी झाली.

मुलासाठी सायकल घेणाऱ्या पालकांनीही हे लक्षात ठेवावे. कमी किमतीच्या अनेक ‘गिअरवाल्या’ सायकलींना दिसायला दणकट शॉकअप असते, पण आत फक्त लोखंडी स्प्रिंग. ऊर्जा जिरवणारे तेल नसल्याने ती दाबली जाते आणि तितक्याच जोराने उसळते. वजन वाढते, चढावर दम लागतो, आणि काही पावसाळ्यांनंतर स्प्रिंग गंजून अडकते. त्याच पैशात ताठ चिमटा, चांगले ब्रेक आणि रुंद टायर मिळत असतील, तर तो सौदा चांगला. ताठ चिमट्यात धूळ अडकायला जागा नसते, सर्व्हिसिंगचा खर्च नसतो आणि हँडल वळवले की चाक तत्काळ वळते.

बसण्याची रीत

बाकीचे काम शरीराच्या ठेवणीवर. उतारावर सीटवर बसून राहू नये. दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवून किंचित उभे राहावे, गुडघे आणि कोपरे वाकलेली असावीत. हँडल आवळून धरू नये. पकड जितकी घट्ट, तितके कंपन हातात जास्त शिरते. मनगट सरळ असावे, मागे मोडलेले नको. दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलावी. हातमोजे आणि तळहाताला रुंद टेकू देणाऱ्या मुठी यांनी बोगद्यावरचा दाब विभागला जातो. सीटचे नाक खाली झुकलेले असेल, तर सगळा भार हातांवर येतो. ते समतल करावे. आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका काढल्या, तर धक्के आवरणाऱ्या नेमक्या स्नायूंची तयारी होते.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. कागदाची कड दोन्ही हातांत, अंगठा सरळ ठेवून अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यात धरावी आणि दोन्हीकडे ओढावी. एखाद्या हाताचा अंगठा कागद सांभाळण्यासाठी टोकाच्या सांध्यात वाकत असेल, तर त्या बाजूचा अल्नर तंतू अशक्त झाल्याची शक्यता असते. सायकलवरून उतरल्यावर झिणझिण्या काही मिनिटांत गेल्या, तर हवा, हँडल आणि बसण्याची रीत तपासावी. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, तर सायकल काही दिवस बाजूला ठेवावी. एवढ्या विश्रांतीनेही तो गेला नाही, किंवा बटण लावणे, किल्ली फिरवणे, धागा जोडणे जड जाऊ लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूतज्ज्ञांना हात दाखवावा. वेळेवर दाब काढला तर हा तंतू बहुतेकदा पूर्ववत होतो. मात्र त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. शर्यत पुढच्या हंगामातही असते, तेव्हा तेवढे थांबायला हरकत नाही.